नांगराएवढे रेडिओ आणि त्यांचा बाजार

मराठीत नांगर हा शब्द दोन ठिकाणी चालतो. एक नांगर शेतातला, दुसरा होडीचा. अमेरिकेतले हौशी रेडिओवाले आपल्या जुन्या, अवजड यंत्रांना कौतुकाने ‘बोट अँकर’ म्हणतात, म्हणजे हा दुसरा नांगर. दोर बांधून पाण्यात सोडला तर होडी जागची हलायची नाही इतका जड रेडिओ, असा त्यातला विनोद. हे रेडिओ पन्नास, साठ, कधी ऐंशी वर्षांचे असतात. ते उचलायला दोन माणसं लागतात. तरीही त्यांचा बाजार भरतो आणि माणसं शेकडो मैलांवरून येतात. सर्वांत मोठा बाजार ओहायो राज्यात मे महिन्याच्या मध्यावर शुक्रवार ते रविवार भरतो, आणि भरतो कुठे, तर जिल्ह्याच्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर. म्हणून त्याची हकिगत शेतीच्या पानावर द्यायला हरकत नसावी.

हौशी रेडिओ म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. आकाशवाणीसारखे एका बाजूने बोलणे आणि दुसऱ्या बाजूने ऐकणे असा हा प्रकार नव्हे. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि नेमून दिलेल्या लहरींवर आपल्या घरातून दुसऱ्या परवानेवाल्याशी बोलायचे, किंवा मोर्सच्या कट्ट-कडकट्ट भाषेत निरोप पाठवायचा. त्यातून पैसा कमवायचा नाही. अशा माणसाला ‘हॅम’ म्हणतात. अमेरिकेत असे परवानाधारक सात लाखांच्या वर आहेत. पूर्वी यातले बरेच जण आपला रेडिओ स्वतः जोडत, स्वतः दुरुस्त करत. आता बाजारात तयार मिळणारा सेट चार-पाच किलोचा असतो आणि जगभर बोलतो. मग पोत्याएवढ्या जुन्या यंत्रांचे करायचे काय? हा प्रश्न आपल्याकडं गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या लोखंडी नांगराचाही आहे. किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बाजारात आणला. पुढं तो कित्येक घरांत तीन-तीन पिढ्या चालला. ट्रॅक्टर आला आणि नांगर भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावात गेला. नांगर होता की कांब होती, हे काटा विचारत नाही.

घोड्यांच्या धावपट्टीतला बाजार

राइट बंधूंचे गाव म्हणून ज्या डेटनचे नाव आपण शाळेत वाचले, त्या डेटनच्या रेडिओ मंडळाने १९५२ साली एका हॉटेलात हा मेळा पहिल्यांदा भरवला. त्याचे नाव हॅमव्हेन्शन. १९६४ पासून तो शहरालगतच्या हारा अरेना या जागेत भरू लागला. ती इमारत म्हातारी झाली, २०१६ साली बंद पडली, आणि मेळ्याला नवी जागा शोधावी लागली. २०१७ पासून तो शेजारच्या झीनिया गावी ग्रीन काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर भरतो. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा विभाग. एरवी याच मैदानावर काउंटीचे कृषी प्रदर्शन होते, जनावरे येतात, शेतकऱ्यांची पोरं आपापली कालवडं आणि डुकरं धुऊनपुसून स्पर्धेत उतरवतात. तिकडच्या कृषी विस्तार खात्याशी जोडलेली फोर-एच ही ग्रामीण मुलांची मंडळे आपल्याही खात्यात नावाने माहीत आहेत. त्या चळवळीचा उगम शेजारच्याच क्लार्क काउंटीतला, १९०२ सालचा. ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळाधिकाऱ्याने तिथं मुलांचा पहिला गट जमवला होता.

मैदानाच्या मधोमध घोडागाड्यांच्या शर्यतीची गोल धावपट्टी आहे. जुन्या सामानाचा बाजार त्या गोलाच्या आत भरतो. पहिल्याच वर्षी, २०१७ साली, पाऊस झाला. गवताखालची माती भिजली आणि गाड्या रुतल्या. अडीच मण ओझे हातगाड्यावर घेऊन चिखलातून जायचे म्हणजे काय, ते पावसाळ्यात उसाच्या फडातून मोळी काढणाऱ्याला विचारावे. २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे मेळा झाला नाही. २०२२ पासून पुन्हा भरू लागला, आणि २०२४ साली पस्तीस हजारांहून जास्त लोक आले.

नव्या कंपन्यांचे मंडप असतात, भाषणे असतात. ते सोडून देऊ. खरी गंमत उघड्यावरच्या बाजारात. माणसं पिकअप गाडीचा मागचा फाळका पाडतात, त्यावर आणि खाली ताडपत्रीवर माल मांडतात. कोणाकडं एकच यंत्र, कोणाकडं खोकीभर बटणं, मीटर, वायरी, व्हॉल्व्ह. जाणते गिऱ्हाईक लवकर येते. अशा बाजारांत उजाडायच्या आत हातात बॅटरी घेऊन फिरणारी माणसं दिसतात. रविवार दुपारनंतर भाव उतरतात, कारण आणलेलं ओझं परत गाडीत चढवायची कोणाची इच्छा नसते. शेवटी काही ढिगांवर ‘फुकट’ अशी पाटीही लागते. भाजी बाजारात संध्याकाळी मेथीच्या जुडीचे जे होते, तेच.

झीनियाचा बाजार एकटा नाही. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डिअरफील्ड गावच्या कृषी जत्रेच्या मैदानावर २००७ सालापासून निअर-फेस्ट नावाचा असाच मेळा सुरू झाला. आयोवातल्या माउंट प्लेझंटला तर १९५० पासून वाफेची इंजिने आणि जुनी मळणीयंत्रे जमतात. जुने लोखंड जमवायला जत्रेच्या मैदानासारखी जागा नाही. गाडी मालापर्यंत जाते, ताडपत्री कुठंही टाकता येते, आणि सांडलेल्या तेलाबद्दल कोणी ओरडत नाही.

वजन कशाचे?

आता वजनाकडे येऊ. आर-३९०ए नावाचा लष्करी रिसीव्हर, म्हणजे ऐकण्याचे यंत्र, १९५० च्या दशकाच्या मध्यावर आला. आत २६ व्हॉल्व्ह, घड्याळासारखी दातेरी चक्रे, वजन ३८ किलोच्या आसपास. असे पन्नास हजारांहून जास्त बनले. हीथकिट कंपनीचा डीएक्स-१०० हा ट्रान्समीटर सुटे भाग खोक्यात भरून विकला जाई. विकत घेणाऱ्याने घरी बसून तो जोडायचा. जोडून झाला की भरे सुमारे ४५ किलो, म्हणजे आजची युरियाची एक गोणी. आणि कॉलिन्स कंपनीचा केडब्ल्यू-१ हा तर कपाटच. वजन अडीच क्विंटलच्या पुढे. असे दीडशेच बनले असे जाणकार मानतात, म्हणून त्याच्या मालकांच्या याद्या लोक बैलाच्या वंशावळीसारख्या जपतात.

एवढे वजन कशाचे? बहुतेक सगळे ट्रान्सफॉर्मरचे. व्हॉल्व्हला चालायला जबर दाब लागतो, मध्यम ट्रान्समीटरात सात-आठशे व्होल्ट, मोठ्यात अडीच हजारांपर्यंत. घरातल्या विजेवरून तेवढा दाब करायचा तर लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा आणि तांब्याची तार लागणारच. त्या काळी दुसरा उपाय नव्हता. शिवाय आवाज पाठवण्याची पद्धतही खर्चिक होती. तिला एएम म्हणतात. तिच्यात आवाज वाहून नेणारी एक मूळ लहर असते आणि तिच्या दोन्ही अंगांना तोच आवाज दोनदा भरलेला असतो. पूर्ण जोराने बोलले तरी दोनतृतीयांश शक्ती त्या मूळ लहरीतच जाते. म्हणजे असे समजा, बाजाराला दोन पोती चालली आहेत, दोन्हींत माल तोच, आणि गाडीचे वजन पोत्यांच्या दुप्पट. शिवाय त्या लहरीवर आवाज चढवायला आणखी एक मोठा ॲम्प्लिफायर, आणि त्याला आणखी एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर.

पुढे एसएसबी ही पद्धत आली. तिच्यात गाडीही नाही आणि दुसरे पोतेही नाही. एकच पोते डोक्यावर घेऊन निघायचे. १९५० आणि १९६० च्या दशकांत हौशी मंडळी तिकडे वळली आणि एएमची मोठमोठी यंत्रे एकाएकी निरुपयोगी ठरली. मातीमोल भावात गेली, तळघरांत आणि धान्याच्या कोठारांत पडली. आज ज्यांच्यासाठी माणसं पहाटे बॅटऱ्या घेऊन फिरतात, तो माल त्या वेळी उचलून न्या म्हणून सांगावे लागे. मात्र एएमचा आवाज भरदार, कानाला गोड. ३८८५ आणि ७२९० किलोहर्ट्झच्या आसपास आजही संध्याकाळी हे नांगर चालू करून लोक सावकाश गप्पा मारतात. चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावे लागते, आणि थंडीत खोलीही गरम होते, हा फायदा वेगळाच.

दात बघून खरेदी

बैल घ्यायला गेलेला माणूस दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. या बाजारातही तसेच. दर्शनी पट्टीला नंतर पाडलेली भोके आहेत का, बटणं मूळची आहेत का, मागच्या बाजूला कोणी डागडुजी केली आहे का. मग नाक जवळ नेऊन ट्रान्सफॉर्मरचा वास घ्यायचा. जळक्या डांबराचा वास आला की हात आखडता घ्यायचा. कोठारात पडून राहिलेल्या यंत्रात उंदरांनी घर केलेले असते, आणि उंदराच्या मुताने पत्रा असा खातो की धुतला तरी डाग जात नाही. विकणाऱ्याचे ठरलेले वाक्य असते, शेवटचा लावला तेव्हा चालू होता. शेवटचा कधी लावला ते तो सांगत नाही. आपल्याकडचा व्यापारीही बैल ‘दोन्ही अंगांना चालतो’ असे छातीवर हात ठेवून सांगतोच की. एक फरक आहे. आपल्याकडं रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, तिकडं किंमत चिठ्ठीवर लिहून यंत्रालाच चिकटवतात. तरी घासाघीस व्हायची ती होतेच.

सौद्यापेक्षा मोलाचे असते ते सौद्याच्या वेळचे बोलणे. या यंत्राचा अमुक कंडेन्सर आधी बदल, तो नेहमी गळतो. ही तार मी १९७२ ला वेगळी जोडली होती, नकाशात दिसणार नाही. चक्रांना हे तेल घाल, ते घालू नको. छापील माहितीपुस्तिका मिळतात, पण ज्याने एकच यंत्र चाळीस वर्षं वापरले त्याच्या डोक्यातले पुस्तिकेत नसते. ते गाडीच्या फाळक्यावर बसून, कागदी पेल्यातली कॉफी पीत, फुकट मिळते. माझ्या मते हा बाजार टिकून आहे तो याच्यावर. आम्ही विस्तारवाले ज्याला ‘शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे’ म्हणतो तो प्रकार इथे कोणा खात्याशिवाय चालतो. आमच्या चर्चासत्रांपेक्षा बरा चालतो, हेही सांगून टाकतो.

मग वाहतूक. अमेरिकन टपाल खाते ७० पौंडांपर्यंतचे, म्हणजे पावणेबत्तीस किलोपर्यंतचेच पार्सल घेते. आर-३९०ए त्यात बसत नाही. खासगी कंपन्या १५० पौंडांपर्यंत घेतात, पण खोके एकदा आपटले की आतला ट्रान्सफॉर्मर आपल्याच वजनाने पत्रा फाडून सुटतो आणि व्हॉल्व्हचा चुरा करतो. जाणती माणसं म्हणून ट्रान्सफॉर्मर काढून वेगळ्या खोक्यात पाठवतात. कित्येकदा वाहतुकीचा खर्च यंत्राच्या किमतीवर जातो. म्हणून प्रत्यक्ष जाऊन, बघून, आपल्या गाडीत घालून आणणे हाच खरा व्यवहार. वजनामुळेच हा बाजार माणसांना एकत्र आणतो. हलका माल घरबसल्या विकता येतो.

मुकी कळ

या बाजाराला एक काळजी लागलेली आहे. मोर्सचे संदेश कळ दाबून पाठवतात. हौशी रेडिओवाला वारला की त्याला त्यांच्या भाषेत ‘सायलेंट की’, मुकी कळ, असे म्हणतात. ज्यांनी तरुणपणी हे नांगर वापरले ती पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. दरवर्षी कळा मुक्या होतात आणि मागे तळघरभर लोखंड राहते. बायकोला किंवा मुलांना त्यातले काही कळत नाही. कोणीतरी शेजारी येतो, सगळं मिळून एवढे देतो म्हणतो, आणि केडब्ल्यू-१ च्या मोलाचे यंत्र गंजक्या पत्र्याच्या भावात जाते. किंवा उलटे होते. घरच्यांना वाटते सोने आहे, म्हणून कोणालाच देत नाहीत, आणि तळघरात पाणी शिरते.

यावर तिकडच्या मंडळांनी आपली रीत बसवली आहे. मंडळाची दोन-चार माणसे घरी जातात, याद्या करतात, चालू यंत्र आणि निकामी यंत्र वेगळे करतात, रास्त किंमत लिहून देतात आणि बाजारात मांडून विकून पैसे घरच्यांना देतात. काही शहाणे मालक जिवंतपणीच प्रत्येक यंत्राला चिठ्ठी बांधून ठेवतात, हे काय आहे, किमान किती घ्यावेत, कोणाला विचारावे. आपल्याकडं सात-बारावर वारसांची नावं लागायला वर्षं जातात. मग विहिरीवरच्या मोटारीची चिठ्ठी कोण लिहिणार!

दुसरी काळजी, अख्खे यंत्र मोडून सुटे विकण्याची. एका निकामी ट्रान्समीटरची बटणं, मीटर, व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर वेगवेगळे विकले तर कधी कधी अख्ख्यापेक्षा जास्त पैसे होतात. त्यातच व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर गाणी ऐकणाऱ्या शौकिनांना जुने व्हॉल्व्ह आणि जुने ट्रान्सफॉर्मर हवे असतात, आणि ते चांगला दाम मोजतात. यावरून हौशी मंडळींत भांडणे होतात. एक बाजू म्हणते, एक मोडले तर चार चालू होतात. दुसरी म्हणते, असेच चालले तर शेवटी मोडायलाही काही राहणार नाही. मला दोन्ही पटतात. पण दुरुस्त होऊ शकणारे यंत्र केवळ बटणांसाठी मोडणे म्हणजे बेण्याचा ऊस रसवंतीला घालण्यासारखे आहे. त्या व्हॉल्व्हपैकी कित्येकांचे उत्पादन कधीच थांबले आहे.

तिसरी गोष्ट काळजीची नव्हे, सावधगिरीची. काही जुन्या कंडेन्सरांत आणि ट्रान्सफॉर्मरांत पीसीबी नावाचे विषारी तेल असते. अमेरिकेत त्याचे उत्पादन १९७९ साली बंद झाले. काही लष्करी मीटरांच्या काट्यांना रेडियमचा रंग असतो. म्हणून हा माल उकिरड्यावर फेकून मोकळे होता येत नाही.

शेतकऱ्याच्या कामाचा रेडिओ

या नांगरांचे आणि शेतीचे नाते मैदानापुरते नाही. डिसेंबर १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने बाजारभाव बिनतारी यंत्राने पाठवायचा पहिला प्रयोग केला. त्या वेळी घरोघरी रेडिओ नव्हते. वॉशिंग्टनहून मोर्सच्या भाषेत भावाची बातमी जाई आणि आसपासच्या राज्यांतले हौशी रेडिओवाले ती टिपून, साध्या भाषेत लिहून शेतकऱ्यांपर्यंत पोचवत. धान्याचा आणि जनावरांचा भाव त्याच दिवशी कळू लागला. व्यापाऱ्याने सांगितला तो भाव, ही स्थिती मोडायला तिथून सुरुवात झाली.

१९३० च्या दशकाच्या मध्यावरही तिकडे दहातल्या एखाद्याच शेतघरी वीज होती. १९३५ साली सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचे काम हाती घेतले. तोवर शेतकऱ्यांसाठी बॅटरीवर चालणारे खास रेडिओ निघत, आणि बॅटरी भरायला छपरावर छोटी पवनचक्की बसवत. आयोवातल्या सू सिटीची विंचार्जर कंपनी त्यासाठी नावाजलेली. हे ‘फार्म रेडिओ’ आज या बाजारांत दिसतात. दिसायला साधे, लाकडी, आणि भावही बेताचा, कारण त्यांना लागणाऱ्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत आणि त्या घरी जुळवाव्या लागतात. नव्याने या छंदात पडणाऱ्याने खरे तर इथून सुरुवात करावी. दाब कमी, धोका कमी.

ज्या कॉलिन्सच्या कपाटाची मघाशी गोष्ट केली, ती कंपनीही मक्याच्या मुलखातली, आयोवातल्या सीडर रॅपिड्सची. आर्थर कॉलिन्सचे वडील मोठ्या प्रमाणावर शेती करणारी कंपनी चालवत. मंदीत ती बुडाली. मुलाला मात्र रेडिओचे वेड. १९२५ साली, पंधरा वर्षांचा असताना, उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या मॅकमिलन मोहिमेशी त्याने घरातल्या यंत्रावरून संपर्क साधला. नौदलालाही ते नीट जमत नव्हते. १९३३ मध्ये त्याने कंपनी काढली.

आपल्याकडं

आपल्याकडं असे बाजार नाहीत, कारण तेवढा माल नाही. मात्र इतिहास आहे. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्रज सरकारने हौशी परवाने रद्द करून यंत्रे जमा करायला लावली. तरी १९४२ च्या चळवळीत मुंबईत काँग्रेस रेडिओ उभा राहिला. उषा मेहता आणि त्यांचे साथीदार ४२.३४ मीटरवर बोलत, आणि ट्रान्समीटर नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याने जुळवला होता. पोलिसांचा माग चुकवत जागा बदलाव्या लागत. त्या काळचे यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात गुपचूप हलवणे म्हणजे काय, हे वरच्या वजनांवरून ओळखावे. १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली. महायुद्धानंतर लष्करी लिलावातला माल मुंबईच्या जुन्या बाजारांत आला आणि हौशी मंडळींनी त्यावर आपली यंत्रे उभी केली.

ग्रामीण महाराष्ट्राचा रेडिओशी संबंध याहून जवळचा. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्कोने पुण्याहून रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतली १५० गावे त्यात होती. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर बोलत, शंका कळवत. ते रेडिओ व्हॉल्व्हचेच. ट्रान्झिस्टर खेड्यात पोचायला अजून अवकाश होता.

हौशी रेडिओचा आपत्तीत उपयोग होतो हेही आपण जवळून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी मंडळींनी संपर्काचे काम केले. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात पोर्ट ब्लेअरला यंत्रे घेऊन हजर होते, आणि बेटांच्या बातम्या त्यांच्यामुळे बाहेर आल्या. अर्थात ती हलकी, आजची यंत्रे. आपत्तीत अडीच क्विंटलचे धूड कोणी पाठीवर नेत नाही, आणि जुन्या यंत्रांच्या शौकिनांनी तसा आव आणू नये.

परदेशातून एखादा नांगर मागवायचा विचार कोणी करत असेल तर एक गोष्ट सांगून ठेवतो. अमेरिकेतली वीज ११० ते १२० व्होल्ट आणि ६० सायकलची, आपली २३० व्होल्ट आणि ५० सायकलची. व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण ६० सायकलसाठी बेताने बनवलेले लोखंड ५० वर जास्त तापते. लष्करी यंत्रे बहुधा दोन्हींवर चालतील अशी केलेली असतात, घरगुती यंत्रांची खात्री नसते. आणि ट्रान्समीटर असेल तर केंद्र सरकारचा परवाना आधी, यंत्र मागाहून.

बाकी वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ पडला असेल, तर तो उतरवून लगेच पिनला लावू नका. वर्षानुवर्षं बंद राहिलेले कंडेन्सर आतून खराब झालेले असतात. एकदम पूर्ण दाब दिला तर ते फुटतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. जाणकार आधी कागदी आणि मेणाचे कंडेन्सर बदलतो आणि मग दाब हळूहळू वाढवतो. बंद करून पिन काढली तरी आतल्या कंडेन्सरात दाब राहतो. मोटारीच्या स्टार्टरचा कंडेन्सर ज्याने कधी हाताळला आहे त्याला हे सांगायला नको. ट्रान्सफॉर्मर जळालेला निघाला तरी रेडिओ टाकून देऊ नका. तालुक्याच्या गावी मोटारी भरून देणारा कारागीर असतो, त्याच्याकडं तार आहे, हात आहे. जुने वेढे मोजून आणि तारेची जाडी मापून त्याला दिली तर ट्रान्सफॉर्मरही तो भरू शकतो. हे वेढे सोडवताना मोजायचे असतात, नंतर मोजता येत नाहीत. आणि रेडिओच्या पाठीमागचा पुठ्ठा चुलीत घालू नका. कोणत्या जागी कोणता व्हॉल्व्ह, हे बहुतेक वेळा त्यावरच छापलेले असते.